दहा महिन्यांच्या सरासरीवर चालवलेले वीस लाख: एक प्रकरण, २०१९ ते २०२२

ओळख लपवण्यासाठी या प्रकरणातल्या व्यक्तींचे काही तपशील बदलले आहेत आणि रकमा गोल केल्या आहेत. निफ्टीचे (शेअर बाजारातल्या ५० मोठ्या कंपन्यांच्या निर्देशांकाचे) आकडे मात्र खरे आहेत, कारण सगळा मुद्दा त्यांच्यातच आहे.

पार्श्वभूमी

ताई नाशिकच्या. अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका खासगी कारखान्यात खरेदी विभागात नोकरी. २०१९ च्या जूनमध्ये त्या माझ्याकडे सल्ल्यासाठी आल्या तेव्हा निवृत्तीला साडेतीन-चार वर्षं उरली होती. पेन्शन म्हणावं असं काही नव्हतं. पीपीएफ होतं, मुदत ठेवी होत्या, आणि एका निफ्टी ५० इंडेक्स फंडात, म्हणजे निफ्टीच्याच चालीने चालणाऱ्या फंडात, ४० लाख होते.

त्यांच्या बोलण्यात २००८ साल वारंवार येत होतं. निफ्टी त्या वर्षी जानेवारीत ६,२८७ वर होता आणि २७ ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी, २,५२४ वर बंद झाला. ताईंनी त्याच आठवड्यात सगळे युनिट विकले आणि एसआयपी थांबवली. परत शिरायला २०१० उजाडलं. तोवर निफ्टी पाच हजारांच्या आसपास पोचला होता. म्हणजे अडीच हजारांच्या तळाजवळ विकलं आणि जवळपास दुप्पट भावाला घेतलं.

अडचण

बहुतेक लोक परतावा वाढवायचा म्हणून येतात. ताईंचं तसं नव्हतं. त्यांचं वाक्य मी तेव्हाच टिपून ठेवलं होतं: "पुन्हा तसं झालं तर मी पुन्हा विकणार, हे मला आत्ताच माहीत आहे. मला थांबवणारं काहीतरी पाहिजे."

सोबत त्यांचे धाकटे दीर आले होते. ते ठाण्याला राहतात आणि रोज संध्याकाळी चार्ट उघडून बसतात. त्यांच्याकडे उपाय तयार होता. "वहिनी, दोनशे दिवसांच्या सरासरीची रेघ मोडली की बाहेर, रेघ ओलांडली की आत. बातम्या बघायच्याच नाहीत."

यात तथ्य नव्हतं असं नाही. चढत्या बाजारात भाव आपल्या लांब पल्ल्याच्या सरासरीच्या वर राहतो आणि मोठ्या पडझडीत तो बराच काळ तिच्याखाली असतो. २००८ ची घसरण एका दिवसात झाली नाही, दहा महिने चालली. असा नियम पाळणारा माणूस त्या वर्षी बराच आधी बाहेर पडला असता. प्रश्न होता तो सगळ्या घसरणी २००८ सारख्याच सावकाश येतील का, हा.

कोणते पर्याय समोर होते

पहिला पर्याय काहीच न करण्याचा. तो कागदावर उत्तम होता आणि ताईंच्या स्वभावाला अजिबात चालणारा नव्हता.

दुसरा म्हणजे शेअरचा हिस्सा कायमचा कमी करायचा: ४० लाखांपैकी १५-२० लाख मुदत ठेवी आणि कर्जरोख्यांत, आणि वर्षातून एकदा प्रमाण जुळवायचं. माझा कल इकडे होता. ताईंना तो पटला नाही. "मग बाजार वर गेला तर अर्धाच फायदा," असं त्या म्हणाल्या. पडझड सोसायची नाही आणि तेजी सोडायची नाही, ही इच्छा माणसाला थेट चार्टकडे नेते.

तिसरा पर्याय बॅलन्स्ड अ‍ॅडव्हान्टेज फंडांचा. शेअर आणि कर्जरोखे यांचं प्रमाण फंड व्यवस्थापक आतल्या आत बदलतो आणि त्या अदलाबदलीवर गुंतवणूकदाराला कर लागत नाही. यातले पुष्कळ फंड भाव चढतोय की उतरतोय या कलापेक्षा मूल्यांकनाकडे, म्हणजे पी/ई किंवा पी/बी गुणोत्तराकडे (नफ्याच्या किंवा पुस्तकी मूल्याच्या तुलनेत भाव किती याकडे) पाहतात. ताईंना ते "दुसऱ्याच्या हातात स्टिअरिंग" वाटलं.

चौथा होता दिरांचा. त्यातही दोन प्रकार होते. ते स्वतः ५० आणि २०० दिवसांच्या सरासऱ्या एकमेकींना कधी छेदतात ते पाहायचे: लहान सरासरी मोठीच्या खाली गेली की डेथ क्रॉस, वर आली की गोल्डन क्रॉस. मी महिन्यातून एकदाच पाहायचा प्रकार सुचवला, कारण नोकरी करणाऱ्या माणसाला रोजचा पहारा झेपत नाही आणि रोज पाहिलं की खोटे इशारे वाढतात.

शेवटी ठरलं ते असं. २० लाख गाभा, ते हलवायचे नाहीत. उरलेले २० लाख डावपेची हिस्सा. महिन्याच्या शेवटच्या व्यवहाराच्या दिवशी निफ्टीचा बंद आकडा घ्यायचा आणि त्या महिन्यासकट मागच्या १० महिनाअखेरींची सरासरी काढायची. निफ्टी सरासरीखाली असेल तर दुसऱ्या दिवशी डावपेची हिस्सा त्याच फंड घराण्याच्या लिक्विड फंडात (अगदी अल्पमुदतीच्या कर्जरोख्यांच्या फंडात), वर असेल तर परत इंडेक्स फंडात. दोन्ही हिश्शांना वेगवेगळे फोलिओ (फंडातली खाती) केले. हे महत्त्वाचं, कारण कराच्या हिशेबात जुने युनिट आधी विकले असं धरतात, आणि एकाच फोलिओत सरमिसळ झाली असती तर गाभ्याचे जुने युनिट कागदोपत्री विकले गेले असते.

नियम एका पानावर लिहून ताईंनी सही केली. त्यात एक गोष्ट लिहिलेली नव्हती: सरासरी आणि निर्देशांक यांत फरक अगदी किरकोळ असेल तर काय करायचं. ती पुढे येईलच.

पहिला इशारा आणि पणजीची पत्रकार परिषद

नियमावरची शाई वाळते न वाळते तोच इशारा आला. जुलै २०१९ च्या अर्थसंकल्पात अतिश्रीमंतांवरचा अधिभार वाढला, परदेशी गुंतवणूकदार त्यात सापडले आणि निफ्टी महिन्याभरात साडेपाच टक्क्यांहून जास्त घसरला. ३१ जुलैला तो ११,११८ वर बंद झाला. दहा महिन्यांची सरासरी होती ११,१९५.

१ ऑगस्टला ताईंनी डावपेची हिस्सा काढला. त्या दिवशी निफ्टी १०,९८० वर बंद झाला. (इथून पुढे मी दुसऱ्या दिवसाचा बंद निर्देशांकच धरतो. प्रत्यक्ष एनएव्ही, म्हणजे युनिटचा भाव, एखाद-दुसऱ्या दिवसाने मागेपुढे मिळते.) कर जवळजवळ लागलाच नाही. ३१ जानेवारी २०१८ पर्यंतचा नफा कायद्याने माफ होता आणि त्या दिवशी निफ्टी होता ११,०२८, म्हणजे विक्रीच्या आकड्याहून थोडा वरच. उरलेला नफा एक लाखाच्या माफीत बसला.

ऑगस्ट असाच गेला. मग २० सप्टेंबरचा शुक्रवार आला. जीएसटी परिषदेच्या बैठकीसाठी गोव्यात असलेल्या अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी सकाळी पणजीत पत्रकार परिषद घेऊन कंपनी करात मोठी कपात जाहीर केली आणि निफ्टी एका दिवसात ५६९ अंकांनी उसळला. पाच टक्क्यांहून जास्त. ताईंचे २० लाख तेव्हा लिक्विड फंडात होते.

३० सप्टेंबरला निफ्टी ११,४७४ आणि सरासरी ११,३१९. नियमाप्रमाणे १ ऑक्टोबरला परत आत, ११,३६० ला. दोन महिन्यांत बाजार साडेतीन टक्के वर, लिक्विड फंडाचं व्याज सुमारे एक टक्का. २० लाखांवर जवळपास पन्नास हजार हुकले.

इथे पहिला खरा निर्णय होता. दीर म्हणाले, "दहा महिन्यांऐवजी अठरा करू, हा इशारा आलाच नसता." मी नको म्हटलं. एका अपवादासाठी आकडा बदलायचा म्हणजे कालच्या बाजाराला आज चाबूक मारायचा. ताईंनी नियम तसाच ठेवला.

मार्च २०२०

२८ फेब्रुवारी २०२० ला निफ्टी ११,२०२ वर बंद झाला. सरासरी ११,६५९. फरक जवळपास चार टक्क्यांचा, शंकेला जागाच नव्हती. सोमवारी, २ मार्चला, ताईंनी डावपेची हिस्सा काढला. निफ्टी ११,१३३. ऑक्टोबरात घेतलेले युनिट थोड्या तोट्यात विकले गेले. बारा महिने न झाल्यामुळे तो अल्पकालीन तोटा होता, सुमारे चाळीस हजारांचा. विवरणपत्र वेळेत भरलं तर असा तोटा आठ वर्षं पुढे नेऊन नफ्यातून वळता करता येतो. ताईंनी ते केलं.

पुढचे तीन आठवडे सगळ्यांना आठवतात. २३ मार्चला बाजार उघडल्यावर थोड्याच वेळात १० टक्क्यांचं खालचं सर्किट लागलं, व्यवहार ४५ मिनिटं थांबले आणि दिवसअखेर निफ्टी १३ टक्के घसरून ७,६१० वर आला. टक्केवारीत पाहिलं तर गाभ्याचे २० लाख त्या दिवशी १३ लाख ८६ हजार झाले होते. डावपेची हिस्सा १९ लाख ८० हजारांच्या आसपास शाबूत होता.

संध्याकाळी ताईंचा फोन आला. गाभाही विकावा का, हा प्रश्न होता. मी काही सांगण्याआधीच त्या म्हणाल्या, "दुसरे अर्धे तर सुखरूप आहेत ना? मग हे राहू दे." संभाषण पाच मिनिटांत संपलं.

माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वात किफायतशीर निर्णय तो होता. तो नियमात कुठेच लिहिलेला नव्हता. २००८ साली याच बाईंनी तळाशी सगळं विकलं होतं.

दिरांचं मात्र बिनसलं. त्यांची ५० दिवसांची सरासरी २०० च्या खाली गेली तेव्हा मार्चचा मध्य उलटला होता आणि निफ्टी नऊ हजारांच्या खाली होता. दोन सरासऱ्यांचा छेद म्हणजे उशिराच्या वर उशीर. सावकाश घसरणीत तो चालून जातो, पण कोविडची घसरण शिखरापासून तळापर्यंत सुमारे दोन महिन्यांत आटपली. त्यांनी तळाजवळ विकलं, आणि त्यांच्या सरासऱ्यांनी परत यायला सांगितलं तेव्हा निफ्टी अकरा हजारांच्या पुढे गेलेला होता.

परत शिरताना

एप्रिलमध्ये निफ्टी पंधरा टक्क्यांच्या आसपास चढला. महिनाअखेर ९,८६०, सरासरी ११,१३४. बाहेरच. मेअखेर ९,५८०. बाहेरच. जूनअखेर १०,३०२, सरासरी १०,९०८. तरीही बाहेर. मधेच २३ एप्रिलला एका मोठ्या फंड घराण्याने आपल्या सहा कर्जरोखे योजना गुंडाळल्या आणि ताईंना लिक्विड फंडाचीच धास्ती वाटू लागली. त्यांच्या फंडात सरकारी ट्रेझरी बिलांचाच भरणा होता, तो कागद दाखवल्यावर त्या शांत झाल्या.

३१ जुलैला निफ्टी ११,०७३ आणि सरासरी १०,८६८. ३ ऑगस्टला डावपेची हिस्सा परत आत गेला, १०,८९२ ला.

ताईंनी त्या आठवड्यात वहीत हिशेब मांडला आणि मला विचारलं, "विकलं ११,१३३ ला, घेतलं १०,८९२ ला. एवढा मोठा खड्डा चुकवून हातात दोनच टक्के?"

हो, दोनच टक्के, अधिक पाच महिन्यांचं लिक्विड फंडाचं व्याज. साडेतीन हजार अंकांची घसरण चुकली, पण तिथून वर येण्याचे सव्वातीन हजार अंकही चुकले. सरासरीचा नियम तळ पकडत नाही, तो पकडण्यासाठी बनलेलाच नाही. घसरण आणि उसळी दोन्ही वेगवान असल्या तर बाहेर पडण्याचा आणि आत येण्याचा भाव जवळजवळ एकच येतो. त्याचा पैशातला फायदा दिसतो तो घसरण लांबली तर. २०२० ची लांबली नाही.

वर्षाचा हिशेब असा: १ ऑगस्ट २०१९ ते ३ ऑगस्ट २०२० मध्ये गाभ्याचे २० लाख १९ लाख ८४ हजार झाले, लाभांश वगळून. डावपेची हिस्सा व्याजासकट २० लाख २० हजारांच्या आसपास. नुसती मुदत ठेव केली असती तर या दोन्हींहून जास्त मिळालं असतं, हेही वहीत लिहायला मी सांगितलं.

दोन अंकांचा इशारा

पुढे दीड वर्ष नियमाला काही काम नव्हतं. निफ्टी ऑक्टोबर २०२१ मध्ये १८,४७७ वर गेला. २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि त्या एका दिवसात निफ्टी आठशेहून जास्त अंक पडला. २८ फेब्रुवारीला थोडा सावरून १६,७९४ वर बंद झाला. दहा महिन्यांची सरासरी आली १६,७९६.

दोन अंक! डावपेची हिस्सा तेव्हा ३१ लाखांवर होता. दुसऱ्या दिवशी महाशिवरात्रीची सुट्टी, म्हणून विचार करायला एक दिवस मिळाला. मी दोन्ही बाजू मांडल्या. नियम पाळला तर दोन अंकांसाठी ३१ लाख हलणार, आणि आता नफा मोठा असल्यामुळे दीर्घकालीन नफ्यावर एक लाखाच्या वर १० टक्के करही लागणार. नियम मोडला तर पुढच्या वेळी तो पाळायचा की नाही, हा वाद दर महिन्याला होणार.

ताईंनी मोडला.

भावाच्या दृष्टीने त्यांचं बरोबर ठरलं. नियमाप्रमाणे २ मार्चला १६,६०६ ला विकून १ एप्रिलला १७,६७० ला परत घ्यावं लागलं असतं. सुमारे साडेसहा टक्क्यांचा फटका, म्हणजे जवळजवळ दोन लाख, कर वेगळाच. दिरांनी फोन करून अभिनंदन केलं. मला त्या अभिनंदनाची काळजी वाटली, कारण त्या महिन्यात जे वाचलं ते अंदाजाने वाचलं होतं आणि अंदाजावर ताईंचा विश्वास नव्हता म्हणून तर नियम लिहिला होता.

एप्रिलअखेर पुन्हा तेच. निफ्टी १७,१०३, सरासरी १७,१२२. वीस अंक. या वेळी ताई स्वतःच म्हणाल्या, "हे असं दर महिन्याला होणार असेल तर मी परीक्षेला बसल्यासारखी बसून राहीन."

निष्पत्ती

त्या दिवशी दोन्ही फोलिओ शेजारी ठेवले. गाभा ३१ लाख १५ हजार. डावपेची हिस्सा ३१ लाख ७० हजार. पावणेतीन वर्षं आणि चार अदलाबदली, आणि फरक पंचावन्न हजारांचा. बाहेर असलेल्या सात महिन्यांत गाभ्याला मिळालेला लाभांश यात धरला तर तो जवळपास निम्म्यावर येतो.

मे २०२२ मध्ये नियम रद्द केला. निवृत्ती नऊ-दहा महिन्यांवर आली होती. एकूण ६३ लाखांपैकी ३५ लाख इंडेक्स फंडात ठेवायचे आणि २८ लाख दोन आर्थिक वर्षांत हळूहळू काढून निवृत्तीनंतरच्या पहिल्या काही वर्षांच्या खर्चासाठी ठेवी आणि अल्पमुदतीच्या कर्जरोख्यांत ठेवायचे, असं ठरलं. दोन वर्षांत विभागल्यामुळे दीर्घकालीन नफ्याची एक लाखाची माफी दोनदा वापरता आली, आणि २०२० चा पुढे ओढलेला तोटाही वळता झाला. म्हणजे २०१९ साली ताईंनी नाकारलेला दुसरा पर्यायच तीन वर्षांनी आला. तीन वर्षांपूर्वी तो त्यांच्या गळी उतरला नसता, आणि हा नियम नसता तर मार्च २०२० मध्ये त्यांनी गाभा धरून ठेवला नसता, असं मला वाटतं. सिद्ध करता येणार नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वात आधी सुचतं ते म्हणजे पट्टा ठेवणं: सरासरीपासून ३ टक्के दूर गेल्याशिवाय हलायचंच नाही. दोन अंकांचा तमाशा टळला असता, जुलै २०१९ चाही. मी नंतर हा पट्टा लावून सगळं पुन्हा मोजलं. फेब्रुवारी २०२० चा इशारा तसाच लागला, कारण तो चार टक्क्यांचा होता. पण परतीचा इशारा जुलैऐवजी ऑगस्टअखेर आला, म्हणजे १ सप्टेंबरला ११,४७० ला खरेदी. ११,१३३ ला विकून ११,४७० ला घेणं: कोविडच्या घसरणीतून वाचूनही भावात तोटा. शिवाय मे २०२२ च्या अखेरीस निफ्टी सरासरीच्या साडेतीन टक्के खाली होता. तिथे विकून १ सप्टेंबरला परत घेतलं असतं तर सहा टक्के गेले असते. पट्टा दोन टक्क्यांचा धरला तर ऑगस्ट २०१९ अखेर आणखी खालच्या भावाला विक्री झाली असती. प्रत्येक आकडा एक खड्डा बुजवतो आणि दुसरा खणतो. तरीही पट्टा असावा असं माझं मत आहे, पण त्याचं कारण परतावा नव्हे. किरकोळ फरकावर वाद होऊ लागला की नियम टिकत नाही.

दुसरी गोष्ट क्रमाची. आधी ठरवायला हवं होतं की बाजार ४० टक्के पडला तर किती रुपये कमी झालेले सोसतील, आणि त्यावरून शेअरचा हिस्सा काढायला हवा होता. डावपेची भाग त्या हिश्शाच्या आतला, चौथाई-पाचव्या भागाएवढा, पुरला असता. निम्मी रक्कम फार होती.

तिसरी कराची. ताईंना पहिल्या विक्रीत जुन्या नफ्याची माफी मिळाली आणि दुसरी तोट्यात झाली, म्हणून अदलाबदल जवळजवळ फुकटात पडली. इंडेक्स फंडाला निर्गमन भारही (बाहेर पडतानाचं शुल्क) नव्हता. सक्रिय शेअर फंडात वर्षाच्या आत विकलं तर तो सहसा एक टक्का असतो, आणि तेवढ्याने मार्च २०२० च्या त्या दोन टक्क्यांतले जवळपास निम्मे गेले असते. २३ जुलै २०२४ पासून अल्पकालीन नफ्यावरचा दर १५ वरून २० टक्के झाला आहे. दीर्घकालीन नफ्यावर सव्वा लाखाच्या वर साडेबारा टक्के लागतात. असा नियम आज चालवायचा तर ती अदलाबदल बॅलन्स्ड अ‍ॅडव्हान्टेज फंडाच्या आत किंवा एनपीएसच्या (राष्ट्रीय पेन्शन योजनेच्या) खात्यात व्हायला हवी, जिथे आतल्या आत जागा बदलली तरी कर लागत नाही.